योटामु मामाचे कान

माझा मामा बहिरा होत चाललाय हे मला भुईमूग काढणीच्या दिवसांत कळलं, आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मामा म्हणजे योटामु सकाला. लुआंग्वा नदीच्या काठी आमचं अभयारण्य आहे आणि त्यात आमचा कॅम्प. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना गाडीतून जनावरं दाखवतात, पण बऱ्याच जणांना रानातून पायीच जायचं असतं. पायी जाताना रांग ठरलेली असते. सगळ्यांत पुढे वनखात्याचा रायफलवाला, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे आणि शेवटी चहावाला. छत्तीस वर्षं मामा पुढे चालत होता. शेवटची अकरा वर्षं मागे मी, तिसाउके. पाठीवर पिशवी, पिशवीत कप, पाणी, बिस्किटं आणि हातात काळी पडलेली किटली.

आई गेल्यावर मामानेच मला वाढवलं. आमच्याकडे मुलं आईच्या भावाचीच मानतात, त्यामुळे त्यात कोणाला विशेष वाटलं नाही. पण बाई रानात चहा घेऊन जाणार म्हटल्यावर कॅम्पातले पुरुष खो-खो हसले होते. तेव्हा मामा म्हणाला होता, "किटली उचलायला मिशा लागतात काय रे?" दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते.

तर भुईमूग काढत होतो. मामा पुढच्या सरीत वाकलेला, मी मागे. त्याच्या टाचेपासून हातभर अंतरावर एक जाडजूड फुरसं वेटोळं करून पडलेलं मला दिसलं. मी ओरडले, "मामा, हलू नकोस, साप!" मामा वेल उपटत राहिला. मी पुन्हा ओरडले. पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघायला लागली, मामा नाही. शेवटी मी धावत जाऊन त्याला कमरेला धरून मागे खेचलं. तो वळला आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत राहिला. त्या बघण्यावरूनच मी ओळखलं.

संध्याकाळी मक्याच्या पिठाचा न्शिमा खाताना तो स्वतःच म्हणाला, "एवढा एक हंगाम, तिसा. पाऊस लागला की कॅम्प बंद होतो. डिसेंबरात मी आपणहून जाऊन नाव काढून घेतो. तोवर गप्प राहा."

"आणि रानात काय करशील?"

"रानात कोण बोलतं? आपण सगळे हातानेच बोलतो. डोळे अजून घारीचे आहेत माझे."

ते खोटं नव्हतं. पायी जाताना कोणी बोलत नाही, सगळ्या खुणा हाताच्या. म्हणूनच तर इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी मान हलवली. ज्याने मला भरवलं, शिकवलं, त्याच्या हातातली रायफल मी काढून घेऊ? मला ते जमलं नाही.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी बूट चढवताना मी डिसेंबरला किती दिवस उरले ते मोजायचे. मला आता दोघांच्या वाटचं ऐकावं लागत होतं. काटकी मोडली, पक्षी ओरडला, कुठे गवत सळसळलं, की मी मामाच्या पाठीकडे बघायचे. आणि ऐकून तरी मी काय करणार होते? तो सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. मी हाक मारली तर सगळ्यांना ऐकू जाणार, फक्त त्याला सोडून.

मी नकळत पाहुण्यांच्या अगदी जवळून चालायला लागले. ते आमच्या गाईडच्या, गर्शोमच्या लक्षात आलं. गर्शोम उत्तरेकडचा. ते लोक माकडं खातात म्हणून आम्ही चिडवायचं आणि आम्ही पूर्वेकडचे रानउंदीर खातो म्हणून त्यांनी चिडवायचं, हा रिवाजच आहे.

"तिसाउके, हल्ली पाहुण्यांच्या टाचा तुडवतेस," तो म्हणाला. "गावातले उंदीर संपले वाटतं? आता माणसांवर नजर?"

"माकडखाऊंनी बोलू नये," मी म्हणाले.

तो हसत निघून गेला. त्याला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा धोब्याच्या दोरीजवळ, एकदा गाडीत. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून बसले.

ऑक्टोबरात डेन्मार्कहून एक जोडपं आलं. टॉर्बेन दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. त्याची बायको बिर्गिट शाळेची मुख्याध्यापिका होती. त्यांना नदीकडचा सगळ्यांत मोठा तंबू दिला होता. बाथटबमध्ये बसून पाणघोडे दिसतात तो. इस्त्रीच्या चादरी, बर्फात ठेवलेली वाइन, बाहेरून आल्यावर हातात थंड ओला टॉवेल. टॉर्बेनला हे सगळं नकोच होतं. "पायी कधी जायचं?" हेच तो विचारत होता. बिर्गिट मात्र दुपारच्या चहाला गर्शोमसमोर सरळ बसली आणि म्हणाली, "मला खरं सांगा. हे पायी जाणं सुरक्षित आहे ना?"

"मॅडम, योटामुंनी छत्तीस वर्षांत एक पाहुणा गमावलेला नाही."

"आणि त्यांना गोळी कितीदा चालवावी लागली?"

"दोनदा. आणि दोन्ही वेळा हवेत."

सगळे मामाकडे बघून हसले म्हणून मामाही हसला. मला एकटीलाच माहीत होतं की काय बोलणं झालं ते त्याला कळलेलं नाही. मी बिर्गिटच्या कपात चहा ओतत होते. चहा बशीत सांडला. तिने वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. दोन तास चालून एका मोठ्या चिंचेखाली पोचायचं होतं. तिथे वाढपी टेबल मांडून, पांढरी चादर घालून, अंडी तयार ठेवून थांबणार होते. निघताना गर्शोमने नेहमीचे नियम सांगितले. एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही. आणि काहीही समोर आलं तरी धावायचं नाही. "धावणाऱ्याचा पाठलाग होतो. उभ्या माणसाचा जनावर आधी विचार करतं," तो म्हणाला. टॉर्बेनने शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली.

तासाभराने वाट नदीच्या जुन्या, सुकलेल्या फाट्यात उतरली. खाली मऊ वाळू, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच काठ आणि काठावर दाट झुडपं. अशा जागी मला कधीच बरं वाटत नाही. गर्शोमने राखेची पुरचुंडी झटकली. राख तरंगत डावीकडे गेली. म्हणजे आमचा वास डावीकडच्या झाडीत जात होता. मामाने वाळूतल्या हत्तींच्या पावलांकडे बोट केलं, मग उजव्या काठाकडे. कळप फाटा ओलांडून उजवीकडे गेला, असं त्याचं म्हणणं. पावलं तेच सांगत होती. गर्शोमनेही मान हलवली.

मामा पुढे निघाला. गर्शोम मात्र थांबला. हत्तीच्या ताज्या लेंडात एक मोठा किडा शेणाची गोळी करत होता, तो बिर्गिटला दाखवायला तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. मामा वीस पावलं पुढे गेला असेल.

तेव्हा मला डावीकडून घरघर ऐकू आली. लांब कुठेतरी जातं फिरावं तशी. हत्ती एकमेकांशी असे बोलतात. सगळा कळप उजवीकडे गेलाच नव्हता.

ती घरघर ऐकू येत असेल तोवर भ्यायचं फारसं कारण नसतं. कळप आपल्या नादात असतो. ती थांबली की भ्यायचं, कारण मग हत्ती तुमचा कानोसा घेत असतात.

ती थांबली.

मी गर्शोमच्या नावाचा नुसता फुसकारा केला. त्याने मान वर केली, माझं तोंड बघितलं आणि तो ताडकन उठला. त्याने मामासाठी टाळूला जीभ लावून टक्‌ असा आवाज केला. 'जागीच थांब' अशी ती खूण, रानात प्रत्येक रायफलवाल्याला ठाऊक असलेली. मामा चालत राहिला. गर्शोमने पुन्हा केला, मोठ्याने. मामाची पाठ तशीच, रायफल खांद्यावर आडवी, पाऊल संथ. गर्शोमने वळून माझ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मी नजर खाली घातली.

त्याच वेळी झाडी फुटली.

हत्ती नुसतं भेडसावायला येतो तेव्हा कान पसरतो, ओरडतो, धूळ उडवतो. ही हत्तीण मुकाट आली. कान मागे चिकटवलेले, सोंड छातीशी गुंडाळलेली. काठ उतरताना मातीचा ढिगारा तिच्याबरोबर खाली आला. तिच्यामागे झुडपात एक पिल्लू दिसलं, जेमतेम वासराएवढं.

टॉर्बेन धावला. मी त्याला आजही दोष देत नाही. नियम डोक्यात असतात आणि धावतात ते पाय. हत्तीण वळली आणि त्याच्यामागे लागली. गर्शोम आडवा गेला, टोपी मांडीवर आपटत, "हे! हे! हे!" करत. तिने त्याला सोंडेने नाही, कपाळाने मारलं. तो उडाला, काठाला आपटला आणि वाळूत पडला. ती त्याच्याकडे वळली.

बिर्गिट किंचाळत होती. त्या किंकाळीने नदीपलीकडचे बगळेही उडाले असतील. मामा पाठमोरा चालत होता.

माझ्या हातात किटली होती. मी धावत पुढे झाले आणि सगळा जोर लावून ती फेकली. ती मामाच्या पाठीवर बसली. तो वळला, आणि वळता वळताच रायफल खांद्याला लागली. एवढं मात्र खरं, की त्याच्या डोळ्यांना आणि हातांना काहीही झालं नव्हतं. हत्तिणीने गर्शोमच्या अंगावर गुडघा टेकायला पाय वाकवला होता. मामाने तिच्या मस्तकावरून गोळी झाडली. ती थबकली. त्याने दुसरी तिच्या पायांपुढच्या वाळूत झाडली आणि तिच्या दिशेने चालू लागला, मोठ्याने शिव्या देत, आमच्या गावच्या भाषेत, दारूच्या नशेत दाराशी आलेल्या माणसाला द्याव्यात तशा. ती दोन पावलं मागे सरली. मग एकदाच ओरडली आणि काठ चढून पिल्लाकडे गेली.

गर्शोम जिवंत होता. उजवी मांडी नको तिथे वाकली होती आणि श्वास घेताना तो कण्हत होता. मी त्याच्या डोक्याखाली पिशवी ठेवली. त्याने माझं मनगट धरलं.

"दोनदा केली खूण," तो म्हणाला. "दोनदा, तिसाउके."

मामा पलीकडे गुडघ्यावर बसला होता. तो गर्शोमचे ओठ बघत होता. त्याला कळलं. त्याने रायफलीत दोन गोळ्या भरल्या आणि उठून झाडीकडे तोंड करून उभा राहिला.

झाडीत अजून फांद्या मोडत होत्या. कळप गेला नव्हता. डावीकडे चार-पाच तरी होत्या, आणि उजवीकडे बाकीचे. आम्ही मधल्या खळग्यात.

गर्शोमच्या पट्ट्यातला वॉकीटॉकी मी काढला. नुसती खरखर. त्या खळग्यातून आवाज बाहेर जाणार नव्हता. फाट्यातून पुढे गेल्यावर, पंधरा मिनिटांच्या वाटेवर, काठावर एक मोठं वारूळ होतं, दोन माणसांएवढं उंच. तिथून लागला असता.

"मी जातो," मामा म्हणाला.

"तू गेलास तर रायफल जाईल. हे तिघं इथे उघड्यावर राहतील."

"मग मी जातो," टॉर्बेन म्हणाला. तो परत आला होता, एक बूट हरवलेला, चेहरा राखेसारखा. "माझ्यामुळे झालं. मी जातो."

त्याला वारूळ कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. म्हणजे जायचं मीच. पण मी गेले की मामाजवळ कान कोणाचे राहणार? डोळे एका वेळी एकाच बाजूला बघतात, आणि झाडी दोन्हीकडे होती.

मी बिर्गिटसमोर बसले. माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही.

"मॅडम, माझ्या मामाला ऐकू येत नाही."

तिला आधी कळलंच नाही. "गोळीच्या आवाजाने?"

"नाही. कित्येक महिन्यांपासून. मला माहीत होतं."

तिच्या गालांवर लाल डाग उमटले. "तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही आम्हाला ह्या माणसाच्या मागे... माझ्या नवऱ्याला..."

"हो. नंतर मला काय बोलायचं ते बोला. मालकांना सांगा, पोलिसांना सांगा. आत्ता त्याला कान हवेत, आणि इथे धड कान तुमचेच आहेत."

मला वाटलं, ही रडणार किंवा माझ्या थोबाडीत मारणार. तिने डोळे मिटले, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि उघडले.

"काय करायचं ते नीट सांगा. एकदाच सांगा."

"त्याच्या पाठीला पाठ लावून बसा. काही ऐकू आलं की त्याच्या खांद्यावर मारा."

"कोणत्या बाजूला हे त्याला कसं कळणार?" तिने स्वतःच विचार केला. "आवाज त्याच्या डावीकडून आला तर त्याचा डावा खांदा. उजवीकडून आला तर उजवा. त्याला सांगा."

मी मामाला सांगितलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून थोडा वाकला, आमच्याकडे थोरांपुढे वाकतात तसा. मग फाट्याच्या पुढच्या वाटेकडे तोंड करून वाळूत गुडघ्यांवर बसला. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली, आणि हात मागे वळवून त्याच्या खांद्यांवर ठेवले.

मी निघाले.

भीती मला नवी नव्हती, पण आजवर माझ्यापुढे कोणी ना कोणी चालत असायचं. आता पुढे कोणी नव्हतं, मागेही नाही. वाळूत माझीच पावलं वाजत होती, आणि दर चार पावलांनी मी थांबून ऐकत होते. ऑक्टोबरातलं ऊन चढलं होतं. घाम डोळ्यांत जात होता. वॉकीटॉकी मी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडात खोचला होता.

फाटा वळतो तिथे काठाच्या सावलीत चिखल वाळून काळा झालेला एक मोठा दगड होता. मी दहा-बारा पावलांवर पोचले आणि दगडाने मान वळवली.

एकटा रानरेडा. कळपातून निघालेला म्हातारा नर. आम्हा लोकांना सिंहापेक्षा त्याची भीती जास्त. सिंह बऱ्याचदा आपण होऊन निघून जातो. हा जात नाही. तो पुढचे पाय रोवून उठला. एक शिंग टोकाला मोडलेलं. नाक वर करून त्याने माझा वास ओढला.

मी उभी राहिले. धावायचं नाही, हे पाहुण्यांना सांगताना शेकडो वेळा ऐकलेलं. आणि नेमका तेव्हा कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

मी दोन्ही हातांनी तो पोटाशी दाबून धरला. बटण सापडेना. खरखर, मग अर्धवट एक शब्द, पुन्हा खरखर. रेड्याने डोकं खाली घातलं. मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. एवढंच मनात आलं की मी इथे पडले तर तिकडे चौघांना कळणारही नाही, ते माझी वाट बघत बसतील.

बटण सापडलं. शांतता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्याच्या पाठीवरचा छोटा पक्षी कानापर्यंत चालत गेला, कानातलं काहीतरी टिपलं, परत आला. मग रेडा फुरफुरला, वळला आणि काठाच्या घळीतून वर चढून झुडपात शिरला. त्याच बाजूला माझं वारूळ होतं. त्याच झुडपाला वळसा घालून मला जायचं होतं. मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. वारुळावर चढले तेव्हा हाताची नखं मातीने भरली होती.

वॉकीटॉकी चालू केला. चिंचेखालचा वाढपी लागला. "अगं, कुठे आहात? अंडी थंड झाली, माकडांनी पाव पळवला!"

मी बटण दाबून नुसती धापा टाकत राहिले.

"तिसाउके? किटलीत पडलीस का काय?"

मग मी बोलले. पलीकडून दुसरा आवाज आला, व्यवस्थापकाचा, आणि त्याने दोनच प्रश्न विचारले. कुठे, आणि किती जण.

गाडी यायला अर्धा तास लागणार होता. मला वारुळावरच थांबून तिला वाट दाखवायची होती. तो अर्धा तास रेड्यापेक्षा वाईट गेला. मी फाट्याकडे कान लावून बसले होते. गोळी ऐकू आली तर काय झालं असेल, नाही आली तर काय झालं असेल. दोन्हीची भीती सारखीच. कबुतरं घुमत होती. एकदा लांब हत्ती ओरडला आणि मी माझंच मनगट चावलं.

गाडी आली. आम्ही फाट्यात उतरलो तेव्हा ते होते तसेच होते. मामा गुडघ्यावर, बिर्गिट त्याच्या पाठीला पाठ लावून, हात मागे वळवलेले, बोटं त्याच्या शर्टात रुतलेली. टॉर्बेनने गर्शोमचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि कपातून थेंब थेंब पाणी देत होता.

"तीनदा आल्या काठापर्यंत," बिर्गिट म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "दोनदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तो उभा राहिला, त्या गेल्या." तिला हात पुढे आणता येईनात. मी एकेक बोट सोडवलं.

गर्शोमला विमानाने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याच दुपारी मामाने रायफल व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवली. "मला ऐकू येत नाही. मुलीला मी गप्प बसवलं होतं," तो म्हणाला.

"मला कोणी बसवलं नाही," मी म्हणाले. "मी गप्प बसले."

मामाने माझे ओठ बघितले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रागाने बघितलं.

मला पायी फिरण्यावरून काढून कपडे धुण्याच्या कामावर घातलं. घालवून दिलं नाही, हेच खूप. बिर्गिटने मालकांना पत्र लिहिलं होतं, असं पुढे कळलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. गाडीत बसताना मात्र तिने मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

दोन आठवड्यांनी मी गर्शोमला भेटायला गेले. पाय लोखंडी सळ्यांत बांधून टांगलेला होता. मी केळी ठेवली.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"मे महिन्यापासून."

तो बोटांवर महिने मोजत गेला. ऑक्टोबरपर्यंत आल्यावर थांबला. "मी रोज त्याच्या मागे चाललो. माझी तीन पोरं आहेत, तिसाउके. तुला त्यांची नावं माहीत आहेत."

मला माहीत होती. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी तासभर बसले आणि परत आले.

पुढच्या वेळी मामा म्हणाला, मीही येतो. मी नको म्हणाले, तो ऐकेना. खाटेजवळ स्टूल ओढून तो टोपी हातात घेऊन बसला. गर्शोम भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लागला. वेडंवाकडं पुष्कळ बोलला. म्हातारा, लबाड, हट्टी. पाय दोन बोटं आखूड होणार म्हणाला. मामाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो गर्शोमच्या पाठीकडे बघत शांत बसला होता. मला सांगवेना, आणि थांबवताही येईना.

बोलता बोलता गर्शोम थांबला. त्याच्या लक्षात आलं असावं. तो कण्हत, सळ्या सांभाळत, हळूहळू कुशीवर वळला. खिडकीचा उजेड तोंडावर येईल असं डोकं उशीवर ठेवलं. आणि तेच सगळं, पहिल्यापासून, एकेक शब्द सावकाश उच्चारत, त्याने मामाला पुन्हा सांगितलं.

मामाने डोळे न हलवता त्याच्या ओठांवरून सगळं वाचलं. मधे एकदाही मान खाली घातली नाही. संपल्यावर म्हणाला, "अजून काही राहिलं असेल तर तेही सांग. मी बघतोय."

"आज एवढंच," गर्शोम म्हणाला. "दमलो मी. उद्या या."

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.